एरर कशाला म्हणायचं?

चालू प्रोग्रॅमच्या आत काय घडतंय हे बाहेरून दिसत नाही. ते कळावं म्हणून प्रोग्रॅमर कोडमध्ये जागोजागी नोंद करण्याची सोय ठेवतो. अमुक वाजता सेवा सुरू झाली, अमुक सर्व्हरने उत्तर दिलं नाही, अमुक फाइल सापडली नाही, अशी एकेक ओळ पडत जाते. या नोंदींना लॉग म्हणतात. बँकेची प्रणाली असो, रेल्वेचं तिकीट काढण्याचं अ‍ॅप असो की रुग्णालयातलं बिलिंग, असा लॉग सतत लिहिला जात असतो आणि मोठ्या सेवेत त्याच्या ओळी दिवसाला कोटींच्या घरात जातात. त्या सगळ्या वाचणं कोणालाच शक्य नाही. म्हणून प्रत्येक ओळीला एक पातळी जोडलेली असते: डिबग, इन्फो, वॉर्निंग, एरर.

ही पातळी कोड लिहितानाच निवडावी लागते. लिहिणाऱ्याला तो एका शब्दाचा प्रश्न वाटतो आणि बहुतेकदा तो सवयीनेच सोडवला जातो. पुढे मात्र त्या शब्दावर बरंच काही ठरतं. ओळ साठवायची की टाकून द्यायची, पडद्यावर लाल रंगात दाखवायची की नाही, रात्री अडीच वाजता ऑन-कॉल इंजिनिअरला उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे यंत्रणा त्या शब्दाकडे बघून ठरवते. इतकं ज्यावर अवलंबून आहे, ते सवयीवर सोडून चालणार नाही.

आकडे आहेत, अर्थ नाही

या पातळ्यांची सुरुवात ईमेलपासून झाली. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथे, कॅलिफोर्निया विद्यापीठात, एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या नोंदींसाठी त्यांनी सिसलॉग तयार केला आणि पुढे युनिक्सवरच्या इतर प्रोग्रॅमनीही तो उचलला. सिसलॉगमध्ये आठ पातळ्या आहेत. ० म्हणजे इमर्जन्सी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटिस, ६ इन्फर्मेशनल आणि ७ डिबग. आकडा जितका लहान, तितकी बाब गंभीर. लिनक्सचा कर्नल आजही स्वतःच्या नोंदी याच आठ आकड्यांत करतो.

संदेश कोणत्या विभागातून आला हे सांगायलाही सिसलॉगमध्ये आकडा आहे: कर्नलसाठी ०, ईमेलसाठी २, लॉगइन आणि सुरक्षेसाठी ४. विभागाच्या आकड्याला आठने गुणून त्यात पातळी मिळवली की संदेशाचा प्राधान्यक्रमांक मिळतो. सुरक्षा विभागाचा क्रिटिकल संदेश म्हणजे ४ गुणिले ८ अधिक २, म्हणजे ३४. तो आकडा बघून संदेश कोणत्या फाइलमध्ये किंवा कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचा हे ठरवता येतं.

नंतरच्या प्रोग्रॅमिंग भाषांनी आपापल्या पातळ्या बनवल्या. पायथॉनच्या २००३ साली आलेल्या २.३ आवृत्तीत लॉगिंगची सोय आली. तिच्यात डिबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५० असे आकडे आहेत, म्हणजे क्रम सिसलॉगच्या उलटा. गो भाषेने २०२३ मध्ये पातळ्या आणल्या तेव्हा इन्फोला शून्य दिलं, डिबगला उणे ४, वॉर्निंगला ४ आणि एररला ८. जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीमध्ये एररच्या वर फेटल आणि डिबगच्या खाली ट्रेस आहे. जावासाठीच्या एसएलएफफोरजेने फेटल ठेवलेलीच नाही.

आकडे वेगळे असले तरी सगळीकडे काम सारखंच चालतं. एक उंबरठा ठरवलेला असतो. त्या किंवा त्याच्या वरच्या पातळीची ओळ नोंदवली जाते आणि खालची तिथल्या तिथे टाकून दिली जाते. पायथॉनमध्ये काहीच सांगितलं नाही तर हा उंबरठा वॉर्निंगवर असतो, म्हणजे इन्फो आणि डिबगच्या ओळी कुठेच उमटत नाहीत. टाकून दिलेली ओळ नंतर हवी झाली तरी परत मिळत नाही.

पण नेमकी कोणती घटना एरर आणि कोणती वॉर्निंग, याचं उत्तर यातली कोणतीच सोय देत नाही. सिसलॉगचं २००९ सालचं प्रमाण, आरएफसी ५४२४, हे मोकळेपणाने मान्य करतं. पातळ्या व्यक्तिसापेक्ष असतात, त्यामुळे सगळे प्रोग्रॅम एकच व्याख्या पाळतात असं संदेश गोळा करणाऱ्याने धरून चालू नये, असा इशारा त्याच्या पुरवणीत आहे. अर्थ भरण्याचं काम प्रमाणाने आपल्यावर सोडलं आहे.

रंग आणि कृती

हा अर्थ कसा भरावा याचा उत्तम नमुना आपल्याकडे दर पावसाळ्यात दिसतो. भारतीय हवामान विभाग जिल्ह्याजिल्ह्याला रंग देतो. रत्नागिरीला ऑरेंज अलर्ट, पालघरला यलो. प्रत्येक रंगामागे एक सूचना आहे. हिरवा असेल तर काही करायची गरज नाही. पिवळा असेल तर माहिती घेत राहा. नारिंगी असेल तर तयारीत राहा. लाल असेल तर कृती करा. किती पाऊस पडेल याचा अंदाज हवामानशास्त्रज्ञ बांधतात, पण लोकांपर्यंत रंग पोचतो तो त्यांनी काय करायचं हे सांगण्यासाठी.

लॉगच्या पातळीचा अर्थ असाच लावायला हवा. ही ओळ वाचणाऱ्याने काय करायचं आणि किती वेळात करायचं, हे पातळीने सांगावं. घटना लिहिणाऱ्याला किती वाईट वाटली याचा तिच्याशी संबंध नाही. कोड लिहिणारा आपल्या फंक्शनच्या आतून बघतो. त्याला हवी असलेली फाइल मिळाली नाही की त्याच्यापुरतं सगळं संपलेलं असतं, म्हणून तो एरर लिहितो. पण ती फाइल नसेल तर दुसरी वापरायची, अशी व्यवस्था दोन पायऱ्या वर केलेली असेल, तर वाचणाऱ्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. घटना तीच राहिली, तरी वाचणाऱ्याच्या जागेवरून पातळी बदलते.

सगळंच तातडीचं, किंवा काहीच नाही

पातळ्या चुकल्या की काय होतं हे कारखान्यांनी सॉफ्टवेअरच्या आधी अनुभवलं. २४ जुलै १९९४ रोजी, रविवारी, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये मिलफर्ड हेवनजवळच्या टेक्साको तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. सकाळच्या विजांच्या वादळाने कारखान्याची घडी विस्कटली होती आणि दुपारी दीडच्या सुमारास स्फोट झाला. मधले काही तास नियंत्रण कक्षातली माणसं गोंधळाशी झुंजत होती. एक झडप प्रत्यक्षात बंद होती, पण यंत्रणा ती उघडी असल्याचं दाखवत होती. शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले, म्हणजे साधारण दर अडीच सेकंदाला एक. त्यातला प्रत्येक ओळखायचा, स्वीकारायचा आणि त्यावर काहीतरी करायचं होतं. कारखान्यात दोन हजारांहून अधिक अलार्म होते आणि त्यातले सुमारे ८७ टक्के 'उच्च प्राधान्य' या एकाच गटात होते.

त्या दिवशी २६ जण जखमी झाले आणि सुमारे ४ कोटी ८० लाख पौंडांचं नुकसान झालं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने केलेल्या चौकशीत अलार्म फार जास्त होते आणि त्यांचा प्राधान्यक्रम नीट लावलेला नव्हता, हे ठळकपणे पुढे आलं. १९९९ मध्ये ईईएमयूए या उद्योगसंस्थेने मार्गदर्शिका काढली. अलार्मपैकी सुमारे ५ टक्के उच्च, १५ टक्के मध्यम आणि ८० टक्के कमी प्राधान्याचे असावेत, असं तिने सुचवलं. वरची पातळी दुर्मीळ असेल तरच तिच्याकडे लक्ष जातं, हे सूत्र त्या टक्केवारीत आहे.

याच्या अगदी उलट प्रकार १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत घडला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातवरच चढला. आठव्यावर कित्येक वर्षं वापरात नसलेला 'पॉवर पेग' नावाचा जुना कोड तसाच राहिला आणि नव्या कोडने जो संकेत वापरला होता, त्यानेच तो जागा झाला. सकाळी ८ वाजून १ मिनिटापासून कंपनीची अंतर्गत यंत्रणा ईमेल पाठवू लागली. त्यांत पॉवर पेगशी संबंधित एररचा उल्लेख होता. साडेनऊला बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे गेले. बाजार उघडल्यावर ४५ मिनिटांत कंपनीच्या प्रणालीने १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे करून टाकले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेलं.

अमेरिकेच्या बाजार नियामकाचा २०१३ सालचा आदेश त्या ईमेलबद्दल स्पष्ट आहे. ते धोक्याची सूचना म्हणून तयार केलेलेच नव्हते आणि आल्याबरोबर ते वाचण्याची पद्धत कंपनीत नव्हती. एरर हा शब्द होता, दीड तासाचा अवधीही होता. पण तो वाचून काय करायचं हे कोणाच्या कामात बसत नव्हतं. पातळी कितीही अचूक लिहिली, तरी ती वाचणारं माणूस ठरवलेलं नसेल तर तिचा उपयोग शून्य.

एक व्यवहार, चार पातळ्या

आता रोजच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. मुंबईत मुख्यालय असलेली एनपीसीआय ही संस्था यूपीआय चालवते. फसलेल्या व्यवहारांचे ती दोन गट करते आणि बँकांची दर महिन्याची टक्केवारी त्याच गटांत प्रसिद्ध करते. ग्राहकाने चुकीचा पिन टाकला, दिवसाची मर्यादा ओलांडली, अशी कारणं एका गटात येतात. त्याला बिझनेस डिक्लाइन म्हणतात. बँकेची किंवा एनपीसीआयची प्रणाली बंद होती, नेटवर्क तुटलं, ही कारणं दुसऱ्या गटात, टेक्निकल डिक्लाइनमध्ये. पैसे गेले नाहीत हा अनुभव ग्राहकाला दोन्हीकडे सारखाच येतो. यंत्रणा सांभाळणाऱ्यासाठी मात्र या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही.

चुकीचा पिन नाकारणं हे यंत्रणेचं कामच आहे. तिने ते चोख केलं, म्हणून ती ओळ इन्फो. तिला एरर म्हटलं तर काय होईल याचा हिशेब करून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर पहिल्यांदाच एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. म्हणजे दिवसाला तेहतीस कोटींच्या आसपास. समजा, त्यातला शंभरात एखादा व्यवहार ग्राहकाच्या कारणाने फसला, तर दिवसाला तेहतीस लाख खोट्या एररच्या ओळी पडतील. खरा बिघाड त्यांच्याखाली गाडला जाईल. वेबसाइटच्या प्रतिसादांमध्ये ४०० आणि ५०० च्या घरातले कोड वेगळे ठेवतात तेही याच कारणाने: पहिल्यात मागणाऱ्याची चूक, दुसऱ्यात सर्व्हरची.

समोरच्या बँकेने वेळेत उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या प्रयत्नात दिलं, तर व्यवहार पूर्ण झाला. पहिला प्रयत्न डिबगमध्ये नोंदवावा. असे प्रयत्न वरचेवर करावे लागू लागले, तर मात्र ती वॉर्निंग, कारण कुठेतरी ताण वाढतोय आणि तो अजून हाताबाहेर गेलेला नाही. आणि पैसे एका खात्यातून निघाले पण दुसऱ्या खात्यात पोचले की नाही हे कळेना, ताळमेळ लावणाऱ्या आपोआप चालणाऱ्या प्रक्रियेलाही ते सोडवता येईना, तर ती निःसंशय एरर. तिथे माणसाने हात घातल्याशिवाय कोणाचे तरी पैसे अडकून राहणार आहेत.

यावरून प्रत्येक पातळीची ओळख करून घेता येते. एरर म्हणजे दिलेलं काम पूर्ण झालं नाही आणि यंत्रणा ते स्वतः सावरू शकत नाही. फेटल किंवा क्रिटिकल म्हणजे आता प्रोग्रॅमच चालू राहू शकत नाही. सुरू होताना डेटाबेसचा पत्ताच मिळाला नाही, तर तो ही शेवटची ओळ लिहून थांबतो. इन्फो ही यंत्रणेची रोजनिशी आहे. सेवा कोणत्या आवृत्तीवर सुरू झाली, कोणत्या सेटिंगने, व्यवहार केव्हा पूर्ण झाला, हे कोड न वाचलेल्या माणसालाही तिच्यातून समजलं पाहिजे. डिबग मात्र कोड समोर उघडून बसलेल्या माणसासाठी असतं.

डिबगबद्दल एक कळकळीची सूचना. उंबरठा वर आहे, ही ओळ छापलीच जाणार नाही, या भरवशावर पासवर्ड, पिन किंवा आधार क्रमांक तिच्यात टाकू नये. बिघाड शोधताना कोणीतरी उंबरठा खाली आणतोच. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्ड झाकले जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. गुपित लपवणं हे पातळीचं काम नाही.

वॉर्निंगचा वाद

सगळ्यात अवघड निवड वॉर्निंगची. गो भाषेच्या वर्तुळात प्रसिद्ध असलेले डेव्ह चेनी यांनी २०१५ मध्ये मांडलं की ही पातळी काढूनच टाकावी. वॉर्निंग कोणी वाचत नाही, कारण व्याख्येनुसारच अजून काही बिघडलेलं नसतं. ते पुढे जाऊन एररही नको म्हणतात: चूक सावरली असेल तर ती चूक उरली नाही, आणि सावरली नसेल तर ती वर कळवावी, लॉगमध्ये लिहून मोकळं होऊ नये. त्यांच्या मते डिबग आणि इन्फो या दोनच पातळ्या पुरेत.

या युक्तिवादात दम आहे. बहुतेक प्रकल्पांतला वॉर्निंगचा ढीग त्यांच्या बाजूनेच साक्ष देतो. एररही नाही आणि इन्फोही नाही, असं वाटलं की प्रोग्रॅमर वॉर्निंग लिहून पुढे जातो. तरीही पातळी काढून टाकावी असं मला वाटत नाही, कारण काही घटनांना मुदत असते. सुरक्षा प्रमाणपत्र चौदा दिवसांनी संपणार आहे. डिस्क ८५ टक्के भरली आहे. पुढच्या आवृत्तीत बंद होणारी सेटिंग अजून वापरात आहे. आज काही बिघडलेलं नाही, पण काही केलं नाही तर बिघडणार हे नक्की आणि केव्हा हेही साधारण ठाऊक. अशा घटनेसाठी रात्री कोणाला उठवण्याची गरज नाही, पण ती विसरूनही चालणार नाही. म्हणून वॉर्निंग लिहिताना मुदत विचारावी. मुदत सांगता आली तर ती वॉर्निंग, आणि त्या ओळीतच ती लिहावी. सांगता आली नाही तर ती इन्फो.

ओळ एकटी असते

पातळी निवडताना आणखी एक अडचण येते. कोडमधल्या त्या जागेला फक्त आपल्यापुरतं दिसतं. एका ग्राहकाला एका बँकेकडून उत्तर आलं नाही, एवढंच तिला कळतं. त्याच मिनिटाला हजार ग्राहकांच्या बाबतीत तेच घडत असेल, तर तो मोठा बिघाड आहे, पण ते त्या ओळीला कळणं शक्य नाही. म्हणून पातळीवर सगळा भार टाकू नये. कोणाला उठवायचं हे प्रमाणावरून ठरावं: पाच मिनिटांत शंभरातले किती व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, यावर अलर्ट लावावा. ओळीची पातळी त्या मोजणीचा कच्चा माल आहे, त्यामुळे ती खरी असली पाहिजे. मोजणीत चुकीच्या पिनचे व्यवहार मिसळले असतील, तर उंबरठा कुठेही ठेवला तरी अलर्ट फसवाच निघतो.

एकाच बिघाडाच्या अनेक ओळी पडणं हीसुद्धा नेहमीची व्याधी आहे. खालचं फंक्शन एरर लिहितं आणि एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची खूण, वर फेकतं, मधलं पुन्हा एरर लिहून वर फेकतं, वरचं तेच करतं. एका तुटलेल्या कनेक्शनच्या चार एरर होतात आणि वाचणाऱ्याला चार बिघाड असल्यासारखं वाटतं. यासाठी साधा नियम पुरतो. ज्याने चूक हाताळली त्यानेच ती नोंदवावी. जो ती वर पाठवतो त्याने गप्प राहावं. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी तर याबाबत विशेष जपावं. त्यांचा कोड कोणाच्या अ‍ॅपमध्ये चालेल आणि तिथे ती घटना किती गंभीर असेल, हे त्यांना कळण्याचा मार्गच नसतो.

सगळ्यांनी मिळून ठरवावं

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीत किंवा नवी मुंबईत बसून परदेशातल्या ग्राहकांच्या यंत्रणा सांभाळणारे अनेक मराठी इंजिनिअर आहेत. त्यांच्या बाबतीत कोड लिहिणारा एका देशात झोपलेला असतो आणि लॉग वाचणारा दुसऱ्या देशात जागा असतो. दोघांची गाठ पडत नाही. त्या रात्री लिहिणाऱ्याचं मत वाचणाऱ्यापर्यंत पोचतं ते त्या एका शब्दातूनच. तो शब्द बेफिकिरीने निवडला तर त्याची किंमत दुसऱ्याच माणसाला झोप आणि विश्वास गमावून मोजावी लागते. दहा रात्री विनाकारण उठवलेला माणूस अकराव्या रात्री फोन उलटा ठेवतो आणि त्याला दोष देता येत नाही.

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या पातळ्यांचा अर्थ एका पानावर लिहून काढावा. त्यात तीनच प्रश्न असावेत: ही ओळ कोण वाचणार, वाचून काय करणार, आणि केव्हापर्यंत? उदाहरणं आपल्याच प्रणालीतली घ्यावीत, कारण दुसऱ्याच्या व्याख्या आपल्या घटनांना बसत नाहीत. कोड तपासताना व्हेरिएबलच्या नावाकडे जितकं लक्ष देतो, तितकं पातळीकडेही द्यावं.

आणि आठवड्यातून एकदा, कोड लिहिणारे आणि ऑन-कॉल सांभाळणारे दोघांनी मिळून, त्या आठवड्यातल्या सगळ्या प्रकारच्या एरर समोर घ्याव्यात. प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहावी: ही आल्यावर आपण काय केलं? ज्या ओळीपुढे 'काही नाही' असं लिहावं लागेल, तिची पातळी त्याच दिवशी खाली आणावी. आणि ग्राहकाने फोन करून सांगेपर्यंत जो बिघाड कळलाच नाही, त्याची ओळ शोधून वर न्यावी. काही आठवडे हे नेमाने केलं की एरर हा शब्द दिसताच काम टाकून उठावं, असा भरवसा त्या गटात तयार होतो. लॉग लिहायचा तो त्या भरवशासाठी.